गोधडीच्या चिठ्ठीवर तास लिहा : प्रदर्शनात पहिल्यांदा बसणाऱ्या बायांसाठी

मी औसा तालुक्यातली. पंधरा वर्षं झाली गोधड्या शिवते, त्यातली नऊ वर्षं प्रदर्शनात बसून विकते. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, एकदा मुंबईला महालक्ष्मी सरस. परवा आमच्या बचत गटातल्या दोघी पहिल्यांदा स्टॉल लावून आल्या. तीन दिवसांत चार गोधड्या गेल्या, त्याही पडेल भावात, आणि येताना एसटीत एक जण रडली. ‘‘अक्का, लोक हात लावून, उलटीपालटी करून बघतात अन् म्हणतात, जुन्या लुगड्याचीच तर हाय,’’ म्हणाली. तिला ओसरीवर बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

भाव घरीच ठरवा, वहीत लिहून

स्टॉलवर बसून भाव ठरवू नका. तिथं दुपारी तीनच्या उन्हात मांडव तापलेला असतो, सकाळपासून भवानी झालेली नसते, शेजारचा भोंगा डोकं उठवत असतो. अशा वेळी समोरचा ‘‘नऊशेला देता का’’ म्हणाला की तोंडातून ‘‘घ्या’’ निघून जातं. माझ्या पहिल्या दोन वर्षांत असंच झालं. सगळ्या गोधड्या नऊशेला दिल्या आणि विकल्या गेल्या म्हणून घरी पेढे आणले. पुढं मुलीनं वही घेऊन हिशोब मांडला, तेव्हा कळलं.

तो हिशोब असा. पाच बाय सात फुटांची, चार थरांची गोधडी हातानं शिवायला मला ४२ तास लागतात. आमच्या गावात खुरपणीला सध्या ३०० रुपये रोज आहे आणि जेवणाची सुट्टी सोडली तर सहा तास काम होतं. म्हणजे एका गोधडीचे सात रोज, २,१०० रुपये. तीन जुन्या सुती साड्या विकत घेतल्या तर ८० रुपयांप्रमाणे २४०. दोरा ११०. इथंच २,४५० झाले. मी नऊशेला विकत होते तेव्हा कापड-दोऱ्याचे ३५० वजा केले की हातात राहायचे ५५०, सात दिवसांचे. रोजाचे ७८ रुपये. माझीच शेजारीण खुरपायला जाऊन त्याच्या चौपट आणत होती आणि मी रात्री बल्बखाली डोळे फोडत होते.

तुमचे तास वेगळे असतील. कोणाची दोऱ्याची ओळ बोटभर अंतरावर असते, कोणाची दोन बोटांवर. कोणाचा हात भरभर चालतो. म्हणून अंदाज नको. पुढची गोधडी शिवायला घ्याल तेव्हा उंबऱ्याजवळ भिंतीला एक कागद चिकटवा आणि बसलात की वेळ, उठलात की वेळ लिहा. चहाला उठलात तरी लिहा. मी हे केलं तेव्हा मला वाटलं होतं पंचवीसेक तास लागत असतील. निघाले ४२.

आता प्रदर्शनाचा खर्च. यात बहुतेक बायांची चूक होते, माझीही झाली. स्टॉलचं भाडं १,५००, जाणं-येणं ६००, तीन दिवसांचं खाणं-पिणं ६००, एकूण २,७००. मी १४ गोधड्या नेल्या म्हणून २,७०० ला १४ नं भागलं आणि गोधडीमागं दोनशेच्या आत खर्च धरला. पण विकल्या गेल्या पाच. म्हणजे खर्च बसला गोधडीमागं ५४०. जितक्या नेता तितक्यांनी भागू नका, जितक्या खपतील तितक्यांनी भागा. पहिल्यांदा जात असाल तर तिसरा हिस्सा खपेल असं धरा.

एवढा खर्च एकट्या गोधडीवर टाकला तर ती तीन हजारांच्या घरात जाते आणि मग हलत नाही. यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे बारीक माल. दीड फुटाची चौकोनी आसनं, गरम भांडं उतरवायचे जाड चौकोन, लेकरांची दुपटी. आसनाला पावणेतीन तास लागतात, ते २०० ला जातं. दुपट्याला दोन दिवस, ते ७५० ला. बाई बाजाराची पिशवी घेऊन आलेली असते, तिला दोन-अडीच हजारांसाठी घरी विचारावं लागतं, पण दोनशेचं आसन ती स्वतःच्या मनानं घेते. स्टॉलचं भाडं आणि प्रवास आसनांतून निघाला पाहिजे, गोधडीचे पैसे गोधडीच्या मजुरीला राहिले पाहिजेत. आता माझी गोधडी २,८०० ला आहे. दोन घेणाऱ्याला २,६०० प्रमाणे. त्याखाली नाही, हे मी वहीत लिहून ठेवते आणि वही स्टॉलवर मांडीशी असते.

चिठ्ठी

सगळ्यात जास्त फरक मला एका चिठ्ठीनं पडला. आधी मी नुसता भाव लिहायचे. आता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहिते: ‘‘हाताची शिलाई. ४२ तास. ७ दिवस. सुती, चार थर. २,८०० रुपये.’’ भाव सगळ्यात शेवटी. माणूस वाचत वाचत भावापर्यंत येतो, तोवर त्यानं ‘सात दिवस’ वाचलेलं असतं. घासाघीस थांबत नाही, पण तिचा सूर बदलतो. आधी लोक म्हणायचे, ‘‘एवढ्याला काय हाय हिच्यात?’’ आता विचारतात, ‘‘सात दिवस लागतात व्हय?’’ या प्रश्नावर बोलणं सुरू करता येतं.

आणि एक वाक्य तुम्हाला दर प्रदर्शनात दहा वेळा ऐकावं लागेल. ‘‘आमच्या आजीनं अशा किती तरी शिवल्या, फुकटात.’’ हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या घरात गोधडी खरंच आपोआप तयार झाली होती. दुपारची भांडी झाली, आजी सुई घेऊन बसली, आणि तिला किती दिवस लागले हे कोणी मोजलंच नाही. चिडू नका. मी म्हणते, ‘‘दादा, आजीनं शिवली तेव्हा ती तिच्या माणसांनी पांघरली. मी शिवली ती तुम्ही पांघरणार. मला रोज धरावा लागतो.’’ एवढंच. पुढं गप्प राहायचं. आपण जास्त बोललो की आपणच भाव खाली आणतो.

‘‘एवढ्यात सोलापुरी चादरी किती येतील’’ म्हणणाऱ्यालाही वाद घालू नका. सोलापुरी चादर चांगली असते, मागावर निघते, तिचं काम वेगळं. आपल्या मालाची बाजू घेताना दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही.

हाताचं काम दाखवायचं कसं

हे नीट वाचा, कारण आजकाल मशीनवर मारलेल्या गोधड्या ‘हातच्या’ म्हणून सर्रास विकतात. एका प्रदर्शनात माझ्या समोरच्याच स्टॉलवर तशा होत्या, ७०० रुपयाला, वर ‘हस्तकला’ अशी पाटी. दिवसभर लोक तिकडचा भाव ऐकून माझ्याकडं यायचे आणि मला लुटारू असल्यासारखं बघायचे. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी भांडण न करता एक केलं. मशीनची शिलाई मारलेला कापडाचा तुकडा आणि माझ्या हातचा तुकडा, दोन्ही पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी टाचले. मशीनची शिलाई सलग रेघेसारखी जाते, टाक्याला टाका चिकटलेला. हाताच्या धावदोऱ्यात टाका, मग मोकळी जागा, मग टाका, आणि उलट्या बाजूला तेच पण जरा वेगळ्या मापाचं. दोन टाके कधीच तंतोतंत सारखे नसतात. गोधडी उलटी करून दाखवा. लोकांना त्यावर बोट फिरवू द्या. हाताच्या शिलाईवर कापडाला बारीक सुरकुत्यांच्या लाटा उठतात, त्या बोटाला लागतात. एकदा बोटाला कळलं की माणूस सगळीकडं तेच शोधत फिरतो.

दुसरं, अर्धी झालेली गोधडी न्या आणि स्टॉलवर शिवत बसा. गिऱ्हाईक नसताना हात रिकामा राहत नाही आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या बाईपेक्षा शिवणाऱ्या बाईपुढं माणूस थांबतो. ‘‘काय करायलाव मावशी?’’ म्हणून लेकरं जवळ येतात. नांदेडला कॉलेजच्या तीन मुली आल्या होत्या, त्यातल्या एकीच्या हातात सुई दिली. चार थरांतून सुई ओढताना तिचं बोट लाल झालं, दहा टाक्यांना पाच मिनिटं लागली. तिनं काही घेतलं नाही, पण संध्याकाळी आईला घेऊन आली. आईनं दुपटं घेतलं आणि एका पैशानं घासाघीस केली नाही, कारण मुलगीच मधे म्हणाली, ‘‘आई, तू करून बघ आधी.’’

हात लावू द्यायचं म्हणजे भेळ खाल्लेले हातही लागणार. त्यासाठी एक हातभर तुकडा वेगळा शिवून टेबलाच्या कडेला बांधा आणि ‘हा दाबून बघा’ म्हणा. गोधड्या मागं दोरीवर ठेवा. पिवळट झालेली, हात लागलेली गोधडी तिसऱ्या दिवशी कोणी पूर्ण भावानं घेत नाही.

कापडाबद्दल न विचारता सांगा

जुन्या कापडाची एक शंका प्रत्येकाच्या मनात असते आणि तोंडावर कोणी बोलत नाही: हे कोणाचे कपडे आहेत? आपणच सांगून टाकावं. मी सांगते की साड्या ओळखीच्या घरांतून घेते, सोड्याच्या कढत पाण्यात भिजवते, दोनदा धुते, कडक उन्हात वाळवते, मगच कापते. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा सैल होतो.

कापड सुतीच घ्या. पॉलिस्टरची साडी थरांत घसरते, दोरे भरताना सरकते आणि पांघरल्यावर घाम धरत नाही. ओळखायला काठाचे दोन धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. लाल, जांभळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग लागला तर ते कापड आत टाकू नका, पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी बिघडते आणि गिऱ्हाईक तुमचं नाव कायमचं सोडतं.

दिवस बघून जा

मोठी गोधडी दिवाळी ते संक्रांत एवढ्यातच चालते. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते असं आपण म्हणतो. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा तेव्हाच भरते, गर्दी अफाट असते, पण तिथं मोठ्या गोधड्या नेऊ नका. मी एका वर्षी अठरा नेल्या, एक गेली. आसनं आणि दुपटी मात्र हातोहात जातात.

सोयाबीनचा भाव बघा. आपल्याकडं गिऱ्हाइकाचा खिसा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात ठरतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली विकावं लागत होतं. त्या दिवाळीनंतर लातुरात माझी विक्री निम्म्यावर आली. लोक गोधडी घडी करून परत ठेवायचे, अगदी नीट, कडा जुळवून. त्यांना हवी होती, हे त्या घडीवरनं कळायचं. अशा वर्षी भाव पाडण्यापेक्षा बारीक माल जास्त न्या.

आणि येळवस विसरू नका. एका वर्षी प्रदर्शनाचा पहिला दिवस नेमका वेळ अमावास्येला ठेवला होता. आयोजक बाहेरचे. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात, कडब्याची खोप, भज्जी, उंडे, आंबील. शहरात चिटपाखरू नसतं. आम्ही चाळीस बाया मोकळ्या मांडवात एकमेकींकडं बघत बसलो, भाडं मात्र त्या दिवसाचंही गेलं. अर्ज भरण्याआधी पंचांग उघडा आणि तारीख जमत नसेल तर आयोजकांना फोन करून सांगा. बऱ्याचदा त्यांना ठाऊकच नसतं.

बांधाबांध

स्टॉल म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा बाय दहाची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. बाकी सगळं आपलं. नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, लोखंडी आकडे, सुतळी, कात्री, लांब वायरचा बोर्ड, एक पांढरा बल्ब (पिवळ्या उजेडात निळं कापड काळपट दिसतं), आणि मोठी ताडपत्री. ताडपत्री डिसेंबरातही न्या. अवकाळी आली की मांडवाचं कापड गळतं, आणि पाऊस नसला तरी रात्रीच्या दवानं गोधड्या ओलसर होऊन कुबट वास धरतात. रात्री मांडून ठेवू नका, गाठोडं बांधून ताडपत्रीत गुंडाळा.

एक गोधडी पावणेदोन किलो भरते. चौदा म्हणजे जवळजवळ पंचवीस किलो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे, पण गाठोड्याचं लगेज वेगळं लागतं, ते खर्चात धरा.

एकटीनं जाऊ नका. स्टॉल सोडून लघवीला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, तिसऱ्या दिवशी त्यांना ताप असतो. दोघी जा, किंवा पहिल्याच सकाळी शेजारच्या स्टॉलवालीशी बोलून ठेवा.

सुट्टे पैसे दहा-वीस-पन्नासचे न्या. क्यूआर कोड टेबलाला दोन ठिकाणी लावा. गर्दीत नेटवर्क जातं, गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाईलवरचा हिरवा टिक दाखवून निघतं. साउंड बॉक्स बोलल्याशिवाय किंवा आपल्या फोनवर बँकेचा मेसेज आल्याशिवाय माल हातात द्यायचा नाही, समोर कोणीही असो. माझं एक दुपटं असंच गेलं.

कागदांचं थोडक्यात. हस्तकलेचं कारागीर ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात, ते काढून ठेवा, सरकारी मेळाव्यांत स्टॉलसाठी कामी येतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि माल राज्यातल्या राज्यातच विकत असाल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

भवानी आणि शेवटचा तास

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘भवानीची वेळ हाय, परत पाठवू नका.’’ आपल्यालाही ते लागतं, तुळजापूरच्या मुलखातल्या आपण. म्हणून मी भवानीसाठी आसन पुढं करते. आसनावर वीस रुपये सोडते. गोधडीवर नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पडेल भावाची वाट बघणारे येतात. तीन दिवस तीच गोधडी बघून गेलेला माणूस सात वाजता येतो आणि म्हणतो, ‘‘आता परत कुठं न्हेता ओझं, पंधराशे घ्या.’’ गोधडी म्हणजे मेथीची जुडी नाही, रात्रीतून सुकत नाही. परत न्या. पंधराशेला दिली की पुढच्या वर्षी तो सातलाच येईल आणि चौघांना घेऊन येईल.

ऑर्डर

माझ्या आताच्या विक्रीतला मोठा भाग ऑर्डरचा आहे. लोक आपल्या आईच्या, आजीच्या साड्या आणून देतात. इथं दोन गोष्टी पाळा. निम्मे पैसे आधी. आणि कापड हातात घेतानाच समोर बसून वहीत लिहा: किती साड्या, कुठं फाटलेल्या, कुठं डाग. मोबाईलवर फोटो काढा. मुदत दोन महिन्यांची सांगा, सुगीत तीन.

तिसरी गोष्ट मी एका गिऱ्हाइकाकडून शिकले. उदगीरकडचे एक गृहस्थ, साठीचे, आईचं हिरवं इरकल लुगडं घेऊन आले होते. पदर तांबडा, अजून लखलखीत. पण कमरेपाशी, जिथं निऱ्या खोचतात, तिथं कापड पार विरलेलं, धरलं तर पलीकडचा हात दिसावा एवढं. मी सवयीनं म्हणाले, ‘‘हा भाग कापून काढते, नाही तर आत टाकते, वरती पदर घेते.’’ ते लगेच म्हणाले, ‘‘नको. तोच वर घ्या. पदर ती सणालाच घ्यायची, हे रोजचं हाय.’’ विरलेल्या कापडावर सुई चालत नाही, टाका ओढला की फाटतं. मी त्याच्याखाली धुऊन मऊ झालेलं धोतर लावलं, ओळी एका बोटाऐवजी अर्ध्या बोटावर घेतल्या आणि दोरा न ताणता सैल सोडत गेले. त्या गोधडीला ७० तास लागले. भाव आधीच २,८०० ठरलेला होता, तो मी बदलला नाही, पण न्यायला आले तेव्हा चिठ्ठीवर ७० तास लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि आपणहून ४,५०० दिले.

तेव्हापासून कात्री लावायच्या आधी मी विचारते: कोणता भाग वर हवा? पदर, काठ, की अंगावरचा? आणि विरलेलं कापड वर हवं असेल तर तास जास्त लागतील, हे तिथल्या तिथं सांगून भाव ठरवते.

घरी आलात की उरलेल्या गोधड्या गाठोड्यात ठेवू नका. दुसऱ्या दिवशी उन्हात टाका, झटका, मांडवाची धूळ आणि धुराचा वास जातो. आणि वहीत तीन ओळी लिहा: काय नेलं, काय गेलं, कोणत्या भावानं. त्या दोघींची वही मी आणून घेतली आहे. शुक्रवारी गटाच्या बैठकीत त्यांचे तास मोजायला बसायचं आहे, तुम्हीही तुमचा भिंतीवरचा कागद घेऊन या.